डोंगरामागून आलेला पाऊस : संगीत महोत्सवात अडकलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

ठाण्याच्या वर्तकनगरमधलं सहा जणांचं कुटुंब. आई बँकेत, बाबा रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मुलगी नववीत, मुलगा दुसरीत. बाबांची आई अडुसष्ट वर्षांची. गुडघे दुखतात, पण कुठे जायचं म्हटलं की सगळ्यांत आधी चपला घालून तयार. आणि मुलांचा मामा, ज्याने ही टूम काढली. कोजागरी शुक्रवारी झाली होती. शनिवारी दुपारपासून रविवारी सकाळपर्यंत नवी मुंबईत, ऐरोली ते कोपरखैरणे या पट्ट्यातल्या खाडीच्या अंगाच्या एका मोठ्या मैदानावर संगीत महोत्सव होता. गाणी ऐकायची, तिथेच तंबू ठोकायचा, रात्री चांदण्यात मसाला दूध, सकाळी इडली-चहा आणि घर. गाडीने जेमतेम पाऊण तासाचा रस्ता.

झालं ते असं: संध्याकाळी एक आणि रात्री एक अशी दोन वादळं आली, मुख्य गायक मंचावर आलाच नाही, आजींच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली आणि कुटुंब पहाटे तीनला घरी पोहोचलं.

मी ठाण्यात मुलांच्या निसर्गशिबिरांचं काम पाहतो, त्यामुळे ‘आमचं नेमकं चुकलं कुठे’ हे विचारायला ही मंडळी माझ्याकडे आली. नाव न घालता लिहायला त्यांची हरकत नव्हती. घटनाक्रम जुळवताना आठवणींचा फारसा उपयोग झाला नाही. सहा जणांना सहा वेगळ्या वेळा आठवत होत्या, आणि ‘निघू या’ असं आपण आधीच म्हटल्याचं मात्र प्रत्येकाला पक्कं आठवत होतं. मग फोन काढले. यूपीआयच्या पावत्या, कॉल लॉग, फोटोंवरच्या वेळा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज. ६ वाजून २२ मिनिटांनी भाजलेल्या कणसांचे १२० रुपये दिलेत, म्हणजे तोवर सगळं सुरळीत होतं, एवढं तरी त्यावरून ठरवता येतं.

ऑक्टोबरचं आकाश

मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ती उलटली की आपल्याकडे छत्र्या-रेनकोट माळ्यावर जातात. या घरातही गेले होते. पण ती तारीख सरासरीची आहे, आणि पाऊस जाता जाता विजा घेऊन येतो हे आपण दरवर्षी विसरतो.

जून-जुलैचा पाऊस समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. परतीच्या दिवसांत वरचा वारा फिरतो आणि पूर्वेकडून वाहू लागतो. चार महिन्यांची ओल जमिनीत असते, ऊन कडक असतं, दुपारनंतर खालून समुद्राची दमट हवा आत शिरते. मग सह्याद्रीच्या बाजूला, मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे ढग उभे राहतात आणि संध्याकाळी पश्चिमेकडे सरकतात. चार महिने खाडीपलीकडून येताना दिसलेला पाऊस ऑक्टोबरात पाठीमागून येतो.

या मैदानावर ‘पाठीमागे’ म्हणजे पारसिकचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे उंच इमारतींची रांग. ढगाच्या पायथ्याशी असणारा काळोख आणि पावसाची धार या दोन्हींच्या आड जातात. दिसतो तो फक्त वरचा पांढरा माथा. त्यातून मंच उभारला होता पश्चिमेला, मागे खाडी आणि सूर्यास्त यावा म्हणून. फोटोंसाठी उत्तम, पण हजारो माणसांची तोंडं नेमकी उलट दिशेला. मुलीने ५ वाजून ४८ मिनिटांनी आजींचा तंबूसमोर फोटो काढलाय. आजी खुर्चीत, हातात चिवड्याची वाटी, आणि मागे इमारतींच्या वर ऐरणीसारखा पसरलेला ढग, इतका ठळक की तो पाठ्यपुस्तकात छापावा. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या फोटोला भरपूर बदाम मिळाले. ढगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

इथे एक गोष्ट शिबिरवाल्यांनाही नवी वाटेल. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आम्ही हे मुलांना घोकून घेतो. पण संगीत महोत्सवात हा नियम पांगळा होतो. स्पीकरच्या भिंतीसमोर दहा किलोमीटरवरचा गडगडाट ऐकू येणं शक्यच नाही, आणि फिरत्या प्रकाशझोतांत क्षितिजावरची चमक कोणाच्या लक्षात येणार? डोळे आणि कान दोन्ही कामातून गेलेले असताना हातातल्या फोनवरच भिस्त ठेवावी लागते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजा आणि पुढच्या तीसेक मिनिटांतला धोका दाखवतं. हवामान खात्याचा तातडीचा इशारा तीन तासांसाठी असतो. या दिवशी तो चारनंतर आला होता: ठाणे जिल्ह्यात मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, पिवळा रंग. आईच्या फोनवर तो आलाही. तिने वाचला आणि भावाला दाखवला. ‘पिवळा म्हणजे काही नाही गं ताई,’ असं उत्तर मिळालं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. तेवढं एक काम कोणावर तरी सोपवलेलं हवं होतं.

सहा वाजून अडतीस मिनिटं

वारा आधी एकदम पडला. मंचावरचे कापडी झेंडे लोंबले, उकाडा अंगाला चिकटला. मग पूर्वेकडून गार झोत आला, धुळीसकट. ढगातल्या पावसाने थंड झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, पावसाच्या पुढे काही किलोमीटर. अंगाला अचानक गार लागणं ही शेवटची सूचना असते. त्यानंतर हातात मिनिटंच उरतात.

तंबू दोन होते. एक ऑनलाइन घेतलेला, झटकला की उघडणारा. दुसरा भाड्याचा, फायबरच्या काठ्यांचा. जमीन भरावाची: वर ठोकून बसवलेला मुरूम, खाली खाडीची चिकणमाती. वीतभर लांबीच्या तारेच्या खुंट्या मुरमात निम्म्याच गेल्या होत्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा तंबूच्या एका चौरस मीटरवर सुमारे चार किलोचा जोर लावतो, ६० चा वारा सतरा किलोचा. झटकून उघडणारा तंबू पहिल्याच झोतात उडाला आणि चार तंबू ओलांडून एका जोडप्याच्या शेगडीवर जाऊन पडला. शेगडी पेटलेली नव्हती, हे नशीब.

भाड्याचा तंबू आईने आत बसून धरून ठेवला, दोन्ही हातांनी काठ्या घट्ट पकडून. हे सगळेच करतात. काठी तडकली आणि टोक तिच्या कानाजवळून गेलं. बाहेरून आजी ओरडल्या, ‘अगं सोड तो तंबू, जाऊ दे!’ आणि त्यांनीच पंधरा-वीस पावलांवर उभ्या असलेल्या बंद टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारली. त्याने मागचं दार उघडलं. खोकी, केबलची भेंडोळी आणि दोघी सासू-सुना. विजांच्या वेळी चारी बाजूंनी पत्र्याचं बंद वाहन तंबूपेक्षा कितीतरी पटीने सुरक्षित. आजींना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त दार बंद होणारी जागा हवी होती. त्या चाळीस मिनिटांत घरातल्या कोणी घेतलेला हा एकमेव बरोबर निर्णय.

बाकीचे कुठे होते? मुलगी आणि मामा मंचाच्या पुढे. धावाधाव झाल्यावर दोघं प्रकाशझोतांच्या लोखंडी मनोऱ्याखाली उभे राहिले, कारण तिथे वर ताडपत्री होती. एका स्वयंसेवकाने त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. त्या मुलाचे आभार मानायला हवेत. वादळात अशा मनोऱ्याखाली उभं राहण्याइतकी वाईट जागा मैदानावर दुसरी नसेल, वीजही तिथेच आणि कोसळणारं लोखंडही तिथेच. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून तरी पावसापासून आडोसा म्हणून उंच सांगाड्याखाली जाण्याची सवय सुटायला हवी होती. बाबा आणि धाकटा खाण्याच्या स्टॉलपाशी होते. बाबांना तंबूची काळजी. त्यांनी मुलाला खांद्यावर घेतलं आणि उघड्या मैदानातून, कडकडणाऱ्या विजांत, तंबूकडे पळत सुटले. मोकळ्या जागेत सगळ्यांत उंच तो दुसरीतला मुलगा.

देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं दगावतात, आणि त्यांतली बरीच शेतात, रानात, उघड्यावर. शहरातल्या माणसाला ही आकडेवारी आपली वाटत नाही. पण मैदानावर तंबू ठोकला की तोही उघड्यावरच असतो.

६:४१ ते ७:०३ या वेळात आईच्या फोनवरून अकरा कॉल गेले, एकही लागला नाही. सगळं मैदान एकाच वेळी फोन लावत होतं. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे ठरलेलं नव्हतं, कारण फोन आहेत ना. ७:२० ला सगळे एकत्र आले ते आजींमुळेच. टेम्पोच्या दारातून त्या मामाच्या नावाने हाका मारत होत्या आणि त्यांचा आवाज, मामाच्या म्हणण्यानुसार, ‘स्पीकर बंद असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला’.

दोन पावसांमधला वेळ

या प्रकरणाचा गाभा वादळात नाही. ७:२५ ला पाऊस थांबला आणि १०:३५ ला पुन्हा वारा सुटला. मधले तीन तास दहा मिनिटं आभाळ शांत होतं. रस्ता मोकळा, गाडी कोरड्या जागी, पाणी ओसरलेलं. निघायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

आठच्या सुमारास ढगांच्या फटीतून चंद्र दिसला. कोजागरीनंतरचा, जवळजवळ पूर्ण. मैदानावर टाळ्या पडल्या. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले आहेत, बाबांनीसुद्धा. चंद्र दिसला म्हणजे आभाळ निवळलं, असं मनाने धरलं. त्याआधी, ७:५० ला, घोषणा झाली होती: मुख्य गायक नऊ वाजता येणार. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाहीत, म्हणजे फार तर तासभराचं गाणं. तेवढ्यासाठी थांबायचं की नाही यावर तंबूच्या चिखलात उभं राहून चर्चा झाली.

आजी म्हणाल्या, ‘अरे चला घरी. गाणं काय, यूट्यूबवर ऐका.’

मामा म्हणाला, ‘काकू, वादळ येऊन गेलं. आता कशाला? भाऊजी, साडेअकरा हजार घातलेत आपण.’

मुलगी रडकुंडीला आलेली. तिच्या वर्गातल्या दोघी तिथेच थांबणार होत्या. धाकटा बाबांच्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेला, दात वाजत होते, पण मसाला दूध पाहिजे म्हणत होता. बाबा म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार.’ आई म्हणाली, ‘सगळ्यांचं काय म्हणणं आहे ते बघू.’ आणि ‘बघू’वर बैठक संपली.

यात कोणी मूर्ख नाही. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी रास्त आहे. पैसे घातले आहेत ही गोष्ट खरी, पण थांबलं तरी आणि निघालं तरी ते परत येणार नव्हते. एक वादळ येऊन गेलं हेही खरं, पण ऑक्टोबरात एका ढगाचा गार झोत पुढे जाऊन दुसरा ढग उभा करतो, म्हणून ही वादळं एकामागून एक येतात. माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. प्रत्येक जण ‘गरज पडली तर निघू’ म्हणताना स्वतःच्या पायांचा हिशेब करत होता. मामाला गाडीपर्यंत जायला आठ मिनिटं पुरतात. आजींना दुपारी, कोरड्या जमिनीवर, मामाचा हात धरून वीस मिनिटं लागली होती. गाडीतळ तंबूपासून पाऊण-एक किलोमीटर लांब. ओल्या मुरमावर आणि अंधारात त्याच अंतराला किती लागतील, हे कोणी विचारलं नाही. आजींनीही नाही, आपल्यामुळे पोरांचा विरस नको म्हणून.

आता हिशेब मांडा. विजेचा इशारा मिळतो साधारण अर्धा तास आधी. सहा जणांना सामानासकट गाडीत बसायला लागला पाऊण तासाहून जास्त. म्हणजे इशारा आला की निघू, हा बेत मुळातच बसत नव्हता. मामापुरता बसत होता, घरापुरता नाही. शिबिरात आम्ही निघण्याची वेळ सर्वांत लहान मुलाच्या चालण्यावरून ठरवतो, ती यासाठीच. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याचं घड्याळ सगळ्यांचं. कुटुंबात हे करायला जड जातं, कारण ते माणूस बहुधा तक्रार न करणारं असतं.

बातमी नव्हती असंही नाही. ८:१२ ला आईला बँकेतल्या मैत्रिणीचा मेसेज आलाय. मैत्रीण मुरबाडला माहेरी गेलेली. ‘इथे लाइट गेलीय, ढग फुटल्यासारखा पडतोय, विजा बघवत नाहीत. तुमच्याकडे कसंय?’ आईने उत्तर दिलं: ‘इथे थांबला, चंद्र दिसतोय’ आणि चंद्राचा फोटो. मुरबाड ते हे मैदान सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. ढग पूर्वेकडून येतायत हे ठाऊक असतं तर त्या मेसेजमध्ये अडीच तासांची आगाऊ सूचना होती, आणि तीही हवामान खात्याच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत.

भरती

९:३५ ला कार्यक्रम रद्द झाल्याची घोषणा झाली. मंचामागच्या वीजजोडणीत पाणी शिरलं होतं आणि वायरमनने पुरवठा सुरू करायला नकार दिला. लोक चिडले, बाटल्या भिरकावल्या. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यांत शहाणा माणूस तो वायरमन.

कुटुंबाने तरीही लगेच पाय काढला नाही. भाड्याच्या तंबूवर दोन हजारांची अनामत होती. मोडलेल्या काठ्या, चिखलाने माखलेलं कापड, खुंट्या शोधणं, सगळं पिशवीत कोंबणं, यात पस्तीस मिनिटं गेली. तोवर अख्खं मैदान एकाच वाटेने गाडीतळाकडे निघालेलं. १०:३५ ला वारा, १०:४० ला धारा. मोबाइलच्या उजेडात आजींचा पाय मुरमाच्या उतारावर घसरला, आणि पडताना त्यांनी उजवा हात टेकला. अकराला सगळे गाडीत.

गाडीत बसल्यावर विजेचा धोका संपला, पण गाडी हलेना. पुढे रांग, फाटकापाशी गुडघाभर पाणी. संध्याकाळी यापेक्षा जोराचा पाऊस झाला होता, तेव्हा पाणी अर्ध्या तासात ओसरलं. आता का नाही? याचं उत्तर पंचांगात आहे. तिथीच्या पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. किनाऱ्यावरची माणसं आणि जलदुर्गांना जाणारे भटके हा हिशेब बोटांवर करतात. शनिवारी रात्री वद्य प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता, आणि पौर्णिमेच्या लगतची म्हणून उधाणाची. संध्याकाळी साडेसहाला ओहोटी होती, पाणी खाडीत निघून गेलं. रात्री अकराला खाडी चढत होती. नवी मुंबईचे पाट आणि नाले खाडीलगतच्या धारण तलावांत उतरतात आणि तलावांच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून त्या मिटतात, आणि मग शहराचं पाणीही तलावातच तुंबून राहतं. खोलगट भरावाच्या मैदानाला तेवढा वेळ उतारच उरत नाही.

भरती उलटली आणि पाणी उतरू लागलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. चाक चिखलात रुतलेलं. जवळच्या गावातला एक ट्रॅक्टरवाला दोर टाकून गाड्या ओढत होता, पाचशे रुपये घेत होता, आणि म्हातारं माणूस आत दिसलं की आधी ती गाडी ओढत होता. २:०४ ची यूपीआय पावती त्याची. आजींनी हात दुखतोय हे कळवा पुलावर सांगितलं. रविवारी एक्स-रेत चीर दिसली, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर.

आयोजकांची बाजू

एकतर्फी लिहायचं नाही म्हणून सांगतो: पहिल्या झोताबरोबर त्यांनी मंचावरचा मोठा पडदा खाली घेतला आणि जनरेटर बंद केला. या दोन गोष्टी केल्या नसत्या तर हे प्रकरण वेगळ्याच पानावर छापून आलं असतं. बेल्जियममधल्या पुक्केलपॉप महोत्सवात १८ ऑगस्ट २०११ ला काही मिनिटांच्या वादळाने पाच बळी घेतले. तिथेही वादळ येणार एवढं माहीत होतं, इतकं येईल याचा अंदाज नव्हता.

पण ‘आपापल्या तंबूत थांबा’ ही घोषणा चूक होती, आणि धोकादायक होती. तंबू पावसाचा आडोसा आहे, विजेचा नाही. मैदानाच्या कडेला माणसं आणणाऱ्या बस रिकाम्या उभ्या होत्या. त्यांची दारं उघडून ‘बसमध्ये चला’ म्हणायला काहीच खर्च नव्हता. दुसरं, नऊ वाजता गाणं होणार ही घोषणा मंच तपासायच्या आधी केली गेली. तीच सगळ्यांना धरून बसली. सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबर २०१४ मध्ये अवकाळी पावसामुळे सरळ जानेवारीवर ढकलला गेला होता. त्यात श्रोत्यांची गैरसोय झाली, पण मैदानात भिजत आशेवर कोणाला बसवून ठेवलं नाही.

नंतर

घरात भांडणं झाली. मामा पंधरा दिवस ताईकडे फिरकला नाही. आई-बाबांत ‘तू बोलायला हवं होतंस’ हे बरेच दिवस चाललं. मी त्यांना एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी निघण्याचा शब्द एकाच माणसाकडे द्या, आणि तो घरून निघतानाच द्या. तो माणूस ‘चला’ म्हणाला की वाद घरी गेल्यावर घालायचा. बाबांनी मामाचं नाव सुचवलं, प्रायश्चित्त म्हणून असावं. मुलीने आजींचं सुचवलं. आजी आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, ‘मग गाडी कुठे लावायची तेही मीच सांगणार.’

जानेवारीत सगळे शहापूरजवळ एका शेतावर राहून आले. खुंट्यांऐवजी तंबूचे दोर पाण्याने भरलेल्या वीस लिटरच्या जारना बांधले होते, भेटायची जागा विहिरीजवळचा आंबा ठरली होती. मी हरकत घेतली: विजांच्या दिवसांत झाड नको, गाडी ठरवा. जानेवारीत विजा कुठे, असं मामा म्हणाला. ते खरंच होतं, पण सवय म्हणून गाडीच ठरली.

भाड्याचा तंबू सोमवारी परत दिला. काठी मोडली म्हणून दुकानदाराने अनामतीतून चौदाशे कापले, म्हणजे पस्तीस मिनिटांत वाचले सहाशे.

बाकीच्या पैशांचं असं. तिकिटं, तंबूची जागा आणि गाडीतळ मिळून साडेअकरा हजार. आयोजकांनी पैसे नाहीत, पुढच्या वर्षीचं कूपन देऊ केलं. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘परतावा नाही’ असं छापलेलंच होतं. छापलं म्हणजे संपलं, असं मात्र नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या अन्याय्य अटींना आव्हान देता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर पुष्कळदा तिथेच मिटतं. पाऊस आयोजकांच्या हातात नव्हता हा त्यांचा मुद्दा गाण्यापुरता टिकतो. रात्रभर राहायची जागा आणि गाडीतळ म्हणून घेतलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न मात्र उरतो, कारण पाणी निघायची सोय ही त्यांचीच जबाबदारी होती. आईने पत्रात नेमका तेवढाच मुद्दा धरला, सोबत फाटकापाशी तुंबलेल्या पाण्याचे वेळेसकट फोटो आणि ट्रॅक्टरची पावती जोडली. रागाचं एकही वाक्य नाही. बँकेतली माणसं पत्रं चांगली लिहितात.

सात आठवड्यांनी तंबूच्या जागेचे आणि गाडीतळाचे मिळून साडेतीन हजार परत आले, ट्रॅक्टरचे पाचशेही. तिकिटांचं कूपन तेवढं राहिलंय, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालणारं. मामाला जायचंय. आजी म्हणतात, डिसेंबरात ठेवत असतील तर विचार करू.